नहरीतल्या लेकुरवाळ्या

शनिवार, १० मे २०२५

मोनाली मॅडमनी मला एक रजिस्टर दिलंय. तारीख, वेळ, माणसं, पाकोळ्या आणि शेरा, असे पाच रकाने पट्टीनं आखून दिलेत. शेऱ्याच्या रकान्यात शिव्या लिहिता येत नाहीत, आणि मला तर लई जणांना द्यायच्या असतात, म्हणून ही वेगळी वही घेतली. ही कुणी वाचायची नाय.

आजची फेरी मी एकटीनं नेली. मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. दोन वर्षं झाली, दर शनिवारी दिवस मावळायच्या टायमाला त्या लोकांना पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं, दाखवायला नेतात. आता त्यांना आठवा महिना लागलाय, डॉक्टरांनी हिंडणं बंद केलं. म्हणाल्या, आवडाताई, आता तुम्ही सांभाळा. मी म्हटलं, मी दहावी पास, एसटीतून रिटायर झालेली कंडक्टर, मला काय कळतं त्यातलं. तर म्हणाल्या, मोजण्यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही. हे मात्र खरं आहे. बावीस वर्षं पाचोडच्या लाइनीवर खच्चून भरलेल्या गाडीत डोकी मोजली, त्यापुढं पाकोळ्या काय चीज आहेत.

लोकांना जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढल्या बारीला अडखळायला नको. श्रमसाफल्य कॉलनीच्या मागं मोकळी जागा आहे, तिथं जुनी कोरडी नहर आहे. पूर्वी जमिनीखालून शहराला पाणी यायचं, ती. तिला वाकून आत जाता येईल एवढं एक तोंड आहे, आणि तोंडापुढं दोन भिंतींच्या मधला उतार. आतमधी लांब शेपटीच्या पाकोळ्या राहतात. त्या वडावर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळांसारख्या नव्हेत. ह्या मुठीएवढ्या, शेपटी उंदरासारखी. रात्रभर किडे खातात. कुणाच्या डोक्यात घुसत नाहीत की केसात अडकत नाहीत. मी म्हटलं, बावीस वर्षांत माझ्या डोक्यात पॅसेंजर घुसले, पाकोळी एकबी नाय. लोक हसले. मला बरं वाटलं.

माझी मोजायची रीत मॅडमला लई आवडते. जुना तिकिटं छेदायचा चिमटा हातात धरायचा, पाच पाकोळ्या गेल्या की एकदा दाबायचा. आज दोनशे सत्तावीस वेळा दाबला. म्हणजे अकराशे पस्तीस. माणसं नऊ.

सोमवार, १२ मे

कॉलनीचे अध्यक्ष काकासाहेब यांनी बोलावलं म्हणून गेले. ही कॉलनी त्यांच्या वडिलांच्या शेतावर उभी आहे, आणि अजून ते कॉलनीतून शेतातून फिरल्यासारखे फिरतात. म्हणाले, बाई, त्या नहरीला जाळी मारून सिमेंट लावायचा ठराव झालाय. वास येतो, रोगराई येते, आणि घरामागं असलं अशुभ नको. एक जुलैला गवंडी येणार. तोपर्यंत तुमची फेरी काय करायची ती करून घ्या.

चहा दिला. त्यांना कपात, मला कागदाच्या पेल्यात. मी पिऊन संपवला आणि म्हटलं, आणखी एक द्या, ह्या बारीला कपात. चंपाबाई म्हणजे त्यांची मालकीण. तिनं नवऱ्याकडं न बघता कपात आणून दिला. मी सावकाश फुंकून फुंकून प्याले. मग उठून सांगितलं की मी जिवंत असेपर्यंत त्या नहरीला जाळी लागणार नाय. ते हसले. हसू द्या.

मुकुंदवाडीपर्यंत तरातरा चालत घरी आले. भीतीनं नव्हे, रागानं.

शनिवार, १७ मे

विचार करून करून डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. एसटीत फेरी कधी रद्द होते? भारमान घसरलं की. गाडी रिकामी धावू लागली की डेपो मॅनेजर लाल रेघ मारतो. भरलेल्या गाडीला हात लावायची कुणाची छाती नाही, लोक डेपोत येऊन बसतात. आपल्या फेरीला नऊ माणसं येतात. नऊ माणसांची गाडी कुणीबी बंद करील. भारमान वाढवलं पायजे.

गोकुळला सांगितलं. त्याचं स्टेशनजवळ मोबाइलचं दुकान आहे, फेरीला नेहमी येतो. तो म्हणाला, मावशी, टेन्शनच नका घेऊ, मी व्हिडिओ टाकतो. टाकला. आज चौतीस माणसं. पाकोळ्या अकराशे वीस. शेऱ्यात लिहिलं : प्रतिसाद उत्तम.

शनिवार, ३१ मे

आज एकाहत्तर!

मागच्या शनिवारी बावन्न जण होते, पण मागच्या लोकांना काही दिसलंच नाही, कुरकुर झाली. पैसे नाही घेत म्हणून काय झालं, पॅसेंजर तो पॅसेंजर. त्याला नीट दिसलं पायजे. म्हणून गुरुवारी कोयता घेऊन गेले आणि नहरीच्या तोंडावरची घाणेरी आणि वेडी बाभूळ साफ करून टाकली. हाताला काटे लागले, पण तोंड कसं लख्ख मोकळं झालं. आणि आज लोकांना उतारावर दोन्ही भिंतींना टेकून दोन रांगांत बसवलं, मधी वाट. पुढं सरका, पुढं सरका, मागच्यांना जागा द्या. जन्मभर तेच केलं. पाकोळ्या निघाल्या त्या थेट लोकांच्या डोक्यावरून, हातभर अंतरावरून. वारा लागत होता पंखांचा. बायकांनी किंचाळ्या मारल्या, मग त्याच बायका हसत सुटल्या. एक रिटायर हेडमास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, असं दृश्य जन्मात पाहिलं नाही. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

पाकोळ्या एक हजार नव्वद. उजेडात मोजायला जरा घोटाळा झाला असेल. मोबाइलचे दिवे फार होते.

अभयचा पुण्याहून फोन. आई, कशाला तिथं एकटी राहतीस, इकडं ये, नातीला सांभाळ. मी म्हटलं, मला सवड नाही, माझ्यामागं एकाहत्तर माणसं आहेत.

शनिवार, ७ जून

एकशे अठरा माणसं. कॉलनीच्या रस्त्यावर गाड्या लावायला जागा नव्हती. काकासाहेब गच्चीवरून बघत होते. बघा म्हटलं, डोळे फाडून बघा.

शंभराव्या माणसाचा सत्कार केला. गोकुळनं माइक आणलता. शाल, श्रीफळ, हार. ती बाई अजिंठ्याहून बहिणीकडं आलेली, तिला काही कळेना आपलं काय चाललंय. मग तीन जणांना मनोगत व्यक्त करायचं होतं, ते आवरेपर्यंत पाकोळ्या निघायची वेळ होऊन गेली. माइक चालू असताना त्या तोंडाशी यायच्या आणि परत आत जायच्या. मी चिमटा हातात धरून ताटकळले. शेवटी निघाल्या तेव्हा आठशे साठ.

आठशे साठ! म्हणजे सव्वादोनशेच्या वर कमी. ह्या काकासाहेबाचं काहीतरी चाललंय. आठवड्यात कधीतरी धूर केला असणार. मिरच्यांचा धूर केला की जनावर पळतं, आमच्या गावाकडं बिळापाशी करायचे तसं.

मॅडमचा फोन आलता. दमल्यासारख्या बोलत होत्या. आकडा विचारला, मी म्हटलं जरा कमी भरला. लोक किती लांब उभे करता, असं विचारलं. लांबच, म्हटलं. त्यांना अशा दिवसांत काळजी कशाला द्यायची.

शनिवार, १४ जून

माणसं एकशे त्रेचाळीस. पाकोळ्या सहाशे दहा.

उतारावर तीन पिल्लं पडलेली सापडली. अंगावर केस नाही, डोळे मिटलेले, बोटाच्या पेराएवढी. एक अजून हलत होतं. लोक त्याचे फोटो काढू लागले. मी ते पदरात घेतलं, पण थोड्या वेळानं तेबी थंड झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. गोकुळच्या हातातला माइक हिसकावला आणि थेट काकासाहेबांच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुम्ही धूर करता, लेकरं मारता, आणि वर शुभ-अशुभ सांगता. चोराच्या उलट्या बोंबा. सगळ्या कॉलनीनं ऐकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकासाहेब बाहेर आले नाहीत. चंपाबाई आली. तिनं माइककडं बघितलं, मी तो खाली केला.

"ताई, आमच्या घरून धूर झाला नाय. मी दिवसभर घरीच असते, झाला असता तर मला दिसला असता. त्या लेकुरवाळ्या हायेत आता. एवढं माणूस कामून नेता त्यांच्या दारात?"

मी म्हटलं, नवऱ्यानं शिकवून पाठवलं का. ती आत गेली. फाटकाची कडी हळूच लावली तिनं, आपटली नाही. बाईमाणूस असून नवऱ्याची बाजू घेते, याचं मला जास्त वाईट वाटलं.

पण आपण मागं हटणार नाय. गोकुळनं वन खात्याच्या साहेबांना गाठलंय. ते अठ्ठावीसला स्वतः बघायला येणार. त्यांच्या मनात आलं तर ते काम थांबवायचा कागद देऊ शकतात. गोकुळ म्हणतो, त्या दिवशी तीनशे माणूस जमवू.

बुधवार, १८ जून

मॅडमला मुलगी झाली. पहाटे. दोघी सुखरूप. मी गल्लीत पेढे वाटले.

गुरुवार, १९ जून

आज जे झालं ते लिहू का नको, असं झालंय. लिहितेच.

ग्रुपवर ठरलं की फेरीतर्फे मॅडमचा सत्कार करायचा. आम्ही चौदा जण दवाखान्यात गेलो. शाल, श्रीफळ, फुलांचा हार, बाळाला झबलं. चौकीदाराला गोकुळनं बोलण्यात गुंतवलं आणि आम्ही रांगेनं वर. खोली लहान. मी दारात उभी राहून लोकांना आत घेत होते, पुढं सरका, मागच्यांना दिसू द्या. मॅडम बाळाला पाजत होत्या. गोकुळनं मोबाइलचा दिवा लावला आणि वर धरला.

बाळानं तोंड सोडलं आणि किंचाळलं. मॅडमनी आम्हाला या म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. त्यांनी बाळ छातीशी गच्च धरलं, पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून आम्हाला पाठ केली. तेवढ्यात सिस्टर आली. ठेंगणीशी, माझ्याहून लहान. म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत एवढी माणसं? ही काय जत्रा आहे का? आधी बाहेर व्हा सगळे." मला कुणी असं बोललं की मी उलट दोन ऐकवते. आज पहिली मीच जिना उतरले. हार तसाच हातात राहिला.

माझ्या आईनं मला बाळंतपणात बारा दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. दारावर गोधडी टांगायची. सख्ख्या मावशीला आत येऊ दिलं नव्हतं. विटाळ-बिटाळ आमच्यात मानत नाहीत, बाबासाहेबांनी ते सगळं सोडायला शिकवलं. आई म्हणायची, हे विटाळाचं नाय, बाईला आणि लेकराला एकमेकांची ओळख होऊ द्यायची असते, मधी गलका नको. हे सगळं मला ठाऊक होतं. जन्मापासून ठाऊक होतं.

रिक्षात गोकुळ काहीतरी बोलत होता. मला ऐकू आलं नाही.

शुक्रवार, २० जून

रजिस्टर काढून बसले. माणसांचा रकाना आणि पाकोळ्यांचा रकाना शेजारी शेजारी आहेत. मी आजवर ते कधी मिळून वाचलेच नाहीत. नऊ, अकराशे पस्तीस. चौतीस, अकराशे वीस. बावन्न, अकराशे दहा. एकाहत्तर, एक हजार नव्वद. एकशे अठरा, आठशे साठ. एकशे त्रेचाळीस, सहाशे दहा. बालवाडीत जाणाऱ्या पोरालाबी कळेल.

मीच. धूर नाही, मिरच्या नाहीत, काकासाहेब नाही. मीच कोयता घेऊन त्यांच्या दारावरची गोधडी काढली, मीच उजेड नेला, मीच दोन रांगा बसवल्या आणि वर माइक लावला. ती तीन लेकरं मेली ती माझ्यामुळंच. आणि मी दुसऱ्याच्या फाटकासमोर जाऊन बोंबलले. चंपाबाईनं सरळ सांगितलं, तर तिलाच वाकडं बोलले.

मॅडमला खोटं बोलले, तेबी आहेच.

मला मरणाची लाज वाटतेय. असं कधी वाटलं नव्हतं, पाचोडच्या गाडीत दारुड्यानं अंगावर हात टाकला तेव्हाबी नाही. तेव्हा चूक त्याची होती.

शनिवार, २१ जून

आज फेरी रद्द केली. फोन करून लोक ऐकत नाहीत, म्हणून दुपारीच जाऊन कॉलनीच्या कोपऱ्यावर उभी राहिले. येईल त्याला परत पाठवलं. दीडशेच्या वर असतील. काही जण पार चिकलठाण्याहून आलते, नातवंडांना घेऊन. शिव्याबी खाल्ल्या. एकानं विचारलं, बाई, तुम्हाला कॉलनीवाल्यांनी फोडलं का? मी म्हटलं, मला फोडणारा अजून जन्माला यायचाय, आता गाडी वळवा. हेडमास्तरांना तेवढं कारण सांगितलं. ते टोपी काढून हातात धरूनच परत गेले.

मी लांबच्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवरून मोजलं. चारशे दहा.

गोकुळ चिडला. त्याचंबी चूक नाही, महिनाभर धंदा सोडून राबला. म्हणाला, मावशी, एक जुलैला ते सिमेंट लावणार, साहेब अठ्ठावीसला येणार, आणि तुम्ही आत्ता गर्दी पळवता? मी सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाला, ठीक आहे, गर्दी नको. पण हे रजिस्टर साहेबांना दाखवू नका. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. शेवटचे आकडे नवीन रजिस्टरमध्ये हजाराच्या वर लिहा, कुणी मोजायला आलंय का? हजार पाकोळ्या म्हटलं की साहेब कागद देतील. चारशे म्हटलं की म्हणतील, चालल्याच आहेत त्या, लावा जाळी.

मी रजिस्टर पिशवीत घातलं आणि घरी आले.

मंगळवार, २४ जून

नवीन रजिस्टर आणलं. पट्टीनं रकाने आखले. १४ जूनच्या पुढं अकराशे पाच लिहिलं. अक्षर छान आलं. २१ जूनच्या पुढं अकराशे लिहिलं आणि हात थांबला.

मनात दोन्ही बाजूंनी भांडण चाललं होतं. खोट्या आकड्यानं त्यांचा जीव वाचणार असेल तर खोटं लिहिलं म्हणून काय बिघडतं? मेलेल्या लेकरांना माझ्या खरेपणाचं काय करायचंय? असं वाटलं. आणि मग वाटलं, खोटे हजार लिहिले तर पुढल्या शनिवारी परत माणसं नेता येतील, कुणी अडवणार नाही, सगळं पहिल्यासारखं. तिथं मात्र माझी मीच चपापले. मला पाकोळ्या वाचवायच्या होत्या का फेरी?

पानं फाडली. चुलीत घालायला चूल नाही, गॅसवर जाळली. भांडी काळी झाली.

शनिवार, २८ जून

साहेब आले. तरुण आहेत, बुटांवर चिखल, म्हणजे फिरणारे आहेत. बरोबर दोन माणसं आणि गाडीच्या दिव्याएवढी बॅटरी. काकासाहेब कॉलनीतले दहा-बारा जण घेऊन आलते, आणि गवंडी कडुबा, टेपनं माप घ्यायला. चंपाबाई मागं उभी होती. आमच्याकडून मी, गोकुळ आणि हेडमास्तर. गोकुळ येणार नाही वाटलं होतं, आला.

साहेब म्हणाले, आत जाऊन एकदा बघतो, फोटो घेतो, मग ठरवू. बॅटरी लावली. मी उतारावर मधोमध जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पसरून वाट अडवली.

म्हटलं, आत कुणी जायचं नाय. साहेब, तुम्हीसुद्धा नाय.

साहेबांना राग आला, येणारच. म्हणाले, बाई, तुम्हीच बोलावलं आणि तुम्हीच अडवता? मी काही पाहिलंच नाही तर कशाच्या आधारावर काम थांबवू? कागदावर काय लिहू?

मी रजिस्टर दिलं. ते म्हणाले, हे कुणी भरलं? मी म्हटलं, मी, कंडक्टर होते. मागून कुणीतरी दात काढले. मी म्हटलं, "साहेब, बावीस वर्षं माझ्या हातच्या वेबिलावर, तिकिटांच्या हिशेबावर सरकारनं विश्वास ठेवला. एकदा दोन पॅसेंजर कमी लिहिले गेले होते, ते मी स्वतः डेपोत जाऊन सांगितलं आणि आठ दिवस घरी बसले. वाचा तुम्ही."

त्यांनी वाचलं. बोट दोन्ही रकान्यांवरून खाली येत गेलं. शेऱ्याच्या रकान्यात मी शुक्रवारी लिहून ठेवलं होतं ते मोठ्यानं वाचलं : तोंडावरची झुडपं आवडाबाईंनी तोडली. लोक उतारावर आवडाबाईंनी बसवले. तीन पिल्लं मेली.

काकासाहेब हसले. "म्हणजे हिनंच हाकलल्या. आणि आमच्या दारात येऊन आम्हाला चोर म्हणाली."

"व्हय, मीच हाकलल्या. तुमच्या फाटकासमोर बोलले ते खोटं होतं, सगळ्यांदेखत सांगते, माझं चुकलं. पण आता माझं ऐकून घ्या. मी त्यांच्या जिवावर उठले नव्हते, मला त्यांची माया होती, तरी मी त्यांची ही गत केली. नुसतं बघायला माणसं आणून. तुम्ही तर दार लिंपायला निघालात. आत लेकरं आहेत, अजून उडता येत नाही त्यांना. आया किडे खायला बाहेर पडतील आणि मागून जाळी लागलेली असेल. हे करायचं असेल तर आधी मला ह्या भिंतीत लिंपा. मी इथनं हलणार नाय."

कडुबा गवंड्यानं टेप गुंडाळून खिशात टाकला आणि म्हणाला, लेकरं असलेल्या घराला मी सिमेंट लावत नसतो, दुसरा बघा. काकासाहेब त्याच्यावर ओरडले. तेव्हा चंपाबाई पुढं आली. नवऱ्याशी चार माणसांत बोललेली मी तिला कधी बघितली नव्हती. ती एवढंच म्हणाली, घरी चला, वास काय आजचा नाय.

साहेबांनी बॅटरी विझवली. तिथंच दुचाकीच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. पुढचा हुकूम येईपर्यंत नहरीत आणि उतारावर कुणीही पाय ठेवायचा नाही. बांधकाम बंद. माझ्याकडं बघून म्हणाले, आणि ताई, फेरीसुद्धा बंद. तुमच्याच रजिस्टरवरून हे लिहावं लागतंय.

मी म्हटलं, लिहा.

आज मोजलं नाही. उभं राहून मी त्यांच्या वाटेतच होते, मी हलले तशी पहिली पाकोळी निघाली. मी मागं बघितलं नाही.

बुधवार, २ जुलै

मॅडमला फोनवर सगळं सांगितलं, लांबच म्हटलं होतं तेसुद्धा. बाळाचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, आवडाताई, तुम्ही तेव्हाच खरं सांगितलं असतं तर मी लगेच थांबवलं असतं. मी म्हटलं, म्हणूनच सांगितलं नसेल. बारावा दिवस झालाय, आता एकटीनं या, म्हणाल्या.

शनिवार, ५ जुलै

आज पाटी लावली. पेंटरनं हुकुमातलं वाक्य लिहिलं : येथे प्रवेश करण्यास मनाई आहे. मी म्हटलं, ह्याच्याखाली आणखी एक ओळ घाल, पाकोळी फेरीच्या लोकांनाही. तो म्हणाला, ताई, पाटी तुम्हीच लावता आणि त्यात स्वतःलाच घालता? मी म्हटलं, घाल. नुसतं 'मनाई आहे' लिहिलं की आपल्या माणसाला वाटतं, हे दुसऱ्यासाठी आहे.

काकासाहेब फाटकाशी उभे होते. म्हणाले, पावसाळा संपू द्या, मग बघतो. मी म्हटलं, मीबी इथंच आहे, पावसाळ्यानंतर माझं कुठं लग्न ठरलंय. अभयलाबी तेच कळवलं. नातीला सुट्टीत इकडं पाठव, म्हटलं. मी काही जात नाय.

पाच वाजता कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले, येतील त्यांना परत पाठवायला. एकतीस जण आले. मी सांगितलं, आज पाकोळ्या दिसणार नाहीत. ह्या महिन्यात नाहीत, पुढच्या महिन्यातबी नाहीत, आणि दिसतील तेव्हा टाकीच्या पायरीवरून, दिवा न लावता. ज्याला नुसतं माझं ऐकायचंय त्यानं बसावं, ज्याला बघायचंय त्यानं घरी जावं. म्हटलं, उठून जातील. चौघं गेले. बाकीचे कॉलनीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, नहरीकडं पाठ करून बसले. चंपाबाईनं कट्ट्यावर माझ्याशेजारी जागा धरली. आधी मी तिची माफी मागितली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, सांगा आता.

मी सगळं सांगितलं. किडे, शेपटी, पिल्लं, आणि मी काय केलं तेबी. बोलता बोलता दिवस मावळला. सव्वासात झाले, साडेसात झाले. माझा उजवा हात आपोआप मिटत-उघडत होता, चिमटा घरी ठेवूनबी.

एका बाईनं विचारलं, आपण बघितलं नाही, मोजलं नाही, तर मग त्या निघाल्या हे कळणार कसं?

मी म्हटलं, निघतात त्या. मी नसले तरी निघतात.